मार्थामावशीने माझं नाव घेतलं नाही

भाकर भाजताना मार्थामावशी घराचं दार कधी लावत नसे. महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत एकाच भाकरीतले तुकडे खाण्याचा विधी, असे आणि त्यासाठी लागणारी भाकर आदल्या दिवशी दुपारी तीच करी. भाकर म्हणजे खरं तर गव्हाची जाड, बिनमिठाची पोळी. पण शास्त्रात, म्हणजे बायबलात, भाकर म्हटलंय म्हणून आम्हीही भाकरच म्हणायचो. चूल दारासमोर, दार सताड उघडं, आणि पोळी तव्यावर पडली की मावशीचं शास्त्राशी भांडण सुरू होई. भांडणच म्हणतो मी त्याला. तिला वाचता येत नव्हतं. कुष्ठरोग्यांच्या एका दवाखान्यात तिने तीस वर्षं आया म्हणून काम केलं होतं. तिथल्या रोजच्या सकाळच्या प्रार्थनेत कानावर पडलेलं सगळं तिच्या डोक्यात साठलं होतं, आणि त्यातलं जे पटलं नव्हतं तेही.

"दहा महारोगी बरे झाले अन् एकच परत आला म्हणतेत," ती पोळी उलटत म्हणायची. "बाकीचे नऊ बेइमान. पाळक दरसाल हेच सांगतेत. मी वॉर्डात पाह्यलं ना, बाबू. सुट्टी भेटली का माणूस चप्पल घालाची विसरते. लेकरं पाहाले पळते. ते नऊ जण घरी गेलते. त्यात कायचं पाप?"

"पण मावशी, आभार मानायला नकोत?"

"मानाले पाहिजे. पण देवाले का घाई हाय? मानले असतीन मंग घरी जाऊन, जेवता जेवता."

मी शाळामास्तर. रविवारी उपासनेत शास्त्र वाचणारा, लग्नात प्रीतीचा अध्याय वाचण्यासाठी ज्याला मुद्दाम बोलावतात असा. प्रीती सहनशील आहे, प्रीती आपलं तेवढं पाहत नाही, हे मी इतक्या लग्नांत इतक्या खणखणीत आवाजात वाचलं आहे की लोक म्हणत, मास्तर वाचतात तेव्हा अंगावर काटा येतो. मावशी असं बोलली की मात्र मी हसून विषय बदलत असे.

आमचं गाव बोरी अरबच्या पलीकडे, दारव्हा तालुक्यातलं. मंडळी चौदा घरांची. टिनाच्या छताचं उपासनालय, यवतमाळहून महिन्यातून एकदा येणारे पाळक म्हणजे पाद्री, आणि एरवीचा कारभार पाहायला पंच. पंचांचा सेक्रेटरी मी. नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं तेव्हा मला हे काम दिलं, कारण माझं अक्षर चांगलं होतं. दुसरं काही कारण नव्हतं.

मावशी विधवा, मूलबाळ नाही. दवाखाना सुटला तरी तिथली पांढरी, निळ्या काठाची लुगडी तिने सोडली नव्हती. तिच्या घराची भिंत सुमनबाईच्या घराला लागून. सुमनबाई म्हणजे कापूस-तुरीची आठ एकर शेती असलेल्या हिंदू घरातली म्हातारी. दोघी संध्याकाळी ओट्यावर बसून डाळ निवडत आणि एकमेकींच्या देवांवरून एकमेकींना टोचत.

"तुह्या एकादशीले साबुदाणा, भगर, शेंगदाण्याची आमटी," मावशी म्हणे. "अन् माह्या उपासाले नुसतं पाणी. तुहा देव चांगला हाय वो."

"मंग ये ना इकडं."

"येतो. भगर झाली का आवाज दे."

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसलो, ती.

सुमनबाईच्या घशात गाठ झाली. नागपूरला नेऊन आणलं, पण डॉक्टरांनी घरी सेवा करा म्हणून सांगितलं. तिला घास उतरेना. घरात काय काय केलं, कशालाच चव लागेना. एका पहिल्या रविवारी उपासना संपली, लोक पांगले, मी कपाटाला कुलूप लावत होतो. मावशी मेजावरची उरलेली भाकर फडक्यात गुंडाळत होती. ती म्हणाली, "बाबू, हे उरलेलं काय करू? सुमन मांगून राह्यली. म्हणते, दर शनवारी वास येते, एकदा चाखू तं दे."

माझं अर्धं लक्ष कुलपात होतं. मी म्हणालो, "मेजावरून उतरली की नुसती भाकर आहे, मावशी. द्या की."

"पाप नाही ना लागत?"

"छे. कसलं पाप?"

तेवढंच बोलणं. मी तिला सुमनबाईचं नाव घेताना ऐकलं होतं, आणि द्या म्हणालो होतो. हे दोन्ही मला लख्ख आठवतं. नंतरची काही वर्षं मी स्वतःला सांगून पाहिलं की मला नीट ऐकू आलं नव्हतं. ते खोटं आहे.

मावशीने ती भाकर दुधात भिजवली आणि भरदुपारी, अंगणात, सुमनबाईच्या सुनेच्या देखत तिला दोन घास भरवले. ते उतरले. बाराएक दिवसांनी सुमनबाई गेली. भेटायला येणाऱ्या बायकांना सून वंदना रडत सांगायची, "आमच्या आत्याबाईले शेवटी गोड लागलं ते मावशीच्या चर्चातल्या भाकरीचं. दुसरं काहीच नाही." तिच्या मनात फक्त उपकार होते. पण ते वाक्य ओट्याओट्यावर फिरलं, आणि फिरत फिरत आमच्या शमुवेलकाकांपर्यंत आलं.

शमुवेलकाका आमचे थोरले पंच, एसटीतले निवृत्त कंडक्टर. वाईट माणूस नाही. पण घाबरले. "उद्या कोणी म्हणन, मरत्या बाईले बाटवलं," ते म्हणाले. "आपुन चौदा घरं हावो. याच गावात राहाचं हाय." शिवाय बाप्तिस्मा न झालेल्याला मेजावरची भाकर देणं नियमात नव्हतं. बैठक बोलावली. सात पंच सतरंजीवर, मी रजिस्टर मांडीवर घेतलेला, आणि मावशी दाराशी बसलेली.

शमुवेलकाकांनी विचारलं, "बाई, भाकर दे म्हणून तुले कोणी सांगतलं, का आपल्याच मनानं देली?"

मावशीने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. पोळी फुगायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ ती माझ्याकडे पाहत राहिली. आज मला कळतं की ती मला बोलायला जागा करून देत होती. मी कागदाकडे पाहत होतो. पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं.

"माह्या मनानं देली," मावशी म्हणाली.

आणि मी ते लिहिलं. चांगल्या अक्षरात. सदर बहिणीने स्वतःच्या मनाने अन्यधर्मीय स्त्रीस मेजावरील भाकर दिल्याचे कबूल केले, सबब पुढील निर्णय होईपर्यंत तिला प्रभूच्या मेजापासून दूर ठेवण्यात येत आहे. खाली सगळ्यांच्या सह्या, मावशीचा अंगठा.

उठता उठता कोणीतरी विचारलं, मग आता भाकर कोण करणार? शेवटी शमुवेलकाकाच म्हणाले, "भाकर तं तिच्यासारखी कोणाले जमत नाही." तेव्हा असं ठरलं की भाकर मावशीच करील, फक्त खाणार नाही. त्या वेळी आमच्यापैकी एकालाही हे विचित्र वाटलं नाही. आम्ही एक अडचण सोडवली अशा समाधानाने घरी गेलो.

पुढचा पहिला रविवार आला. मावशी तिसऱ्या बाकावर, नेहमीच्या जागी. ताटली तिच्यापर्यंत आली. तिने ती डाव्या हाताने घेतली, उजव्या हाताने पलीकडच्या बाईला दिली आणि हळूच म्हणाली, "धर वो." तिच्याच हातची भाकर. मी पहिल्या बाकावर होतो. माझा तुकडा तोंडात होता. द्राक्षारस म्हणून दिलेल्या काळ्या मनुकांच्या रसाबरोबर कसाबसा ढकलला. असं दर महिन्याला.

ठरावात मुदत नव्हती. तो उठवायचा तर विषय बैठकीत यायला हवा होता, आणि विषयांची यादी सेक्रेटरी करतो. सेक्रेटरी मी होतो. कधी छताच्या दुरुस्तीचा विषय मोठा निघाला, कधी नाताळ जवळ आला. मी दर खेपेला म्हणायचो, पुढच्या वेळी. खरं कारण एकच होतं. विषय निघाला असता तर कोणीतरी विचारलं असतं की आता काय नवीन घडलं, आणि मला तोंड उघडावं लागलं असतं.

मावशी मात्र होती तशीच होती. शनिवारी दार उघडं, तव्यावर पोळी, तोंडाने शास्त्र. एकदा म्हणाली, "शंभरातली एक मेंढी हरपली तं धनी तिच्यामागं गेला. मंग नव्व्याण्णव कोणाच्या भरोशावर ठेवल्या?"

मी म्हणालो, "कोणाच्या?"

"एकमेकीच्या. दुसऱ्या कोणाच्या ठेवीन?"

आमच्या मंडळीत एक जुनी रीत आहे. प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी, ज्याचं कोणाशी बिनसलं असेल त्याने त्याच्या घरी जायचं आणि तिथलं काहीतरी खायचं. गूळ, पापड, काहीही. न जाता रविवारी हात पुढे करायचा नाही. ठरावाला दोन वर्षं होत आली तेव्हा अशाच एका शनिवारी माझ्याच्याने राहवेना. मी मावशीच्या दारात जाऊन उभा राहिलो.

"मावशी, ती भाकर द्या असं तुम्हाला मी सांगितलं होतं."

"मले ठाऊक हाय ना. मीच तं इचारलतं."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

तिने हात पिठातून काढला नाही. "तू बोलशीन म्हणून थांबली. मंग वाटलं, पोराची नवी नवकरी, बायकोले सातवा महिना. पंच याले धरतीन, गाव याले धरीन. मी काय, एकटी. मले कोण काय करते?"

मी विचारलं, "माफ केलंत ना?"

"केलं. बस. चाय मांडतो."

मी चहा प्यायलो, गूळ खाल्ला आणि तरंगत घरी आलो. त्या हलकेपणाची मला आज लाज वाटते. कारण मी तिची माफी घेतली आणि तिच्याआड लपलो. जिचा अपराध केला तिने माफ केलं, देवाने माफ केलं, मग पंचांना सांगायचं राहिलंच कुठे, असा मी हिशोब मांडला. ठराव तसाच राहिला. मावशी ताटली पुढे देत राहिली. आणखी चार वर्षं.

गेल्या उन्हाळ्यात तिला लकवा झाला. उजवी बाजू गेली. जीभ जड झाली, पण बोलणं कळत असे. त्या महिन्यात शमुवेलकाकांनी दारव्ह्याहून बेकरीचा पाव आणला आणि आम्ही तोच मोडला. माझ्या वाट्याचा तुकडा मी खाल्ला नाही. रुमालात बांधला आणि दुपारी मावशीकडे गेलो. आत शिरलो आणि मागे दार लोटून घेतलं.

"दार काहून लावलं?" ती खाटेवरून म्हणाली.

मी रुमाल सोडला. तिने पाहिलं.

"खिशातून काढून देतं का?"

"मावशी, तुम्ही आजारी आहात. मला वाटलं..."

"चोरून नाही खात मी. सुमनले देली तेही उजेडी देली." तिला धाप लागली. थांबली, मग म्हणाली, "मेजावरून द्याची असन तं दे. नाही तं राहू दे. अन् ते दार खोल, गरम होऊन राह्यलं."

मी दार उघडलं. बाहेर वंदना तुरीच्या डाळीची वाटी घेऊन येत होती. मावशीला रोज तीच भरवायची. मी तिला वाट दिली आणि निघालो.

पुढच्याच रविवारी उपासनेत जाहिरातींची, म्हणजे मंडळीला सूचना द्यायची, वेळ आली तेव्हा मी उभा राहिलो. खिशात लिहून नेलेला कागद होता, पण तो काढला नाही. कागदावर मी फार चांगलं लिहिलं होतं. तोंडाने एवढंच म्हणालो की सहा वर्षांपूर्वी मार्थामावशीने भाकर द्यायच्या आधी मला विचारलं होतं, मी द्या म्हणालो होतो, आणि बैठकीत मी गप्प बसलो.

शमुवेलकाका म्हणाले, "आता कायले उकरून राह्यला, मास्तर? ते बाई खाटेवर पडली हाय."

"म्हणूनच, काका."

काकांनी तिसऱ्या बाकाकडे पाहिलं. मग म्हणाले, "सा वर्षं ते आपल्याले करून खाऊ घालून राह्यली." आणखी थोड्या वेळाने, "काढा ते रजिस्टर." ठराव तिथेच उठवला. मला कोणी काही बोललं नाही. माझ्या बायकोने घरी आल्यावर विचारलं, "मलाही नाही सांगितलंस?" तेवढंच.

पुढच्या पहिल्या रविवारी गॅरेजवाल्या सलीमभाईंनी आपल्या ऑटोतून मावशीला आणलं. तिसऱ्या बाकावर उशा लावून बसवलं. भाकर माझ्या बायकोने केली होती. मावशीने डाव्या हाताने तुकडा घेतला, सावकाश चावला. सगळं उपासनालय तिच्याकडे पाहत होतं. ती शेजारच्या बाईला म्हणाली, "मीठ पाहिजे होतं."

कोणीतरी म्हणालं, "मावशी, तुम्हीच तं बिनमिठाची करत होत्या."

"करत होती. खात कुठं होती?"

लोक हसले. नंतर कोणीच हसेना.

त्या दिवशी मी हात पुढे केला नव्हता. मला वाटलं होतं, आता काही वर्षं मी ताटली पुढे द्यावी, हे बरोबर होईल. ऑटोत बसवताना मावशीने माझी बाही धरली. "तू काहून नाही घेतली?"

"मन अजून साफ नाही, मावशी."

"साफ झाल्यावर जेवशीन का? मंग तं उपाशी मरशीन," ती म्हणाली. "इतका मोठा नको समजू आपल्या पापाले."

दिवाळीनंतर, कापसाची पहिली वेचणी चालू असताना मार्थामावशी गेली. दफनाला सारा गाव आला होता. वंदनाचा नवरा गजानन खांदा द्यायला पुढे होता.

रजिस्टरमध्ये तिच्या मृत्यूची नोंद करताना मागची पानं चाळली गेली आणि तो ठराव पुन्हा वाचला. अन्यधर्मीय स्त्री. मी सुमनबाईचं नावदेखील लिहिलं नव्हतं. मला वाटलं, या घराचीही माफी मागायची राहिली. आणि मी गेलो. शनिवारची वाट पाहिली नाही, बुधवारीच गेलो.

वंदना अंगणात कापसातली कवडी, म्हणजे किडका कापूस, वेचत होती. मी बसलो आणि सगळं सांगितलं. ठराव, बंदी, सहा वर्षं. तिचे हात थांबले.

"मावशीले भाकर बंद केलती? कायच्यासाठी?"

"सुमनबाईंना दिली म्हणून."

"म्हणजे मी लोकायले सांगतलं म्हणून."

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. खरंच सांगतो, आलं नव्हतं. मी माझ्या ओझ्याचा विचार करत आलो होतो. ती रडली नाही. बोलत राहिली, माझ्याशी की स्वतःशी कोण जाणे. "रोज यायची आमच्या घरी. सा वर्षं. एकदा मी इचारलं, मावशी, तुम्ही नाही खात का थे भाकर? म्हणे, करणारीचं पोट वासानंच भरते. मी हासली होती." मग म्हणाली, "तिनं मले कळू नाही देलं. अन् तुम्ही एका दुपारी सांगून मोकळे झाले, भाऊ."

मी मोकळा झालो नव्हतो, पण ते सांगायची ही जागा नव्हती. मी म्हणालो, "तुमच्यामुळे नाही, वंदनाताई. तुम्ही खरं ते सांगितलं. माझ्यामुळे. मला माहीत होतं आणि मी बोललो नाही." याच्यापुढे 'पण' जोडायची मला सवय होती. त्या दिवशी जोडला नाही.

ती उठून आत गेली. मला वाटलं, आता निघावं. पण तशीच परत आली, कापसाचा ढीग माझ्याकडे थोडा सरकवला आणि म्हणाली, "हे मले एकटीले नाही पेलत. तुम्ही आणलं हाय त येत जा."

तेव्हापासून दर बुधवारी शाळा सुटल्यावर मी आणि माझी बायको तिच्या अंगणात जाऊन बसतो. गजाननही असतो कधी. मावशीच्या गोष्टी निघतात, कधी वंदनाला राग येतो आणि ती मला जे वाटेल ते बोलते. मी ऐकतो. शास्त्रातलं काही सांगावं असं तोंडाशी येतं, ते मी मागे ठेवतो. माझं मन अजून थाऱ्यावर नाही. परवाच्या बुधवारी मी काहीतरी समजावायला लागलो तर ती म्हणाली, "आज काही बोलू नका, भाऊ. नुसते बसा."

मी बसलो.